ओसाकाच्या फोनचं कुलूप

बोदवडच्या स्टेशन रोडवर वाल्मीक तायडे एकतीस वर्षांपासून घड्याळं दुरुस्त करत होते. डोळ्याला भिंग लावलं की त्यांना बाहेरच्या जगाचं भान राहत नसे. चावीचं असो नाहीतर सेलचं, घड्याळ बंद पडलं म्हणजे आत काहीतरी झिजलंय, अडकलंय किंवा तुटलंय, आणि ते शोधून काढलं की झालं. बंद पडण्याला कारण असतं, एवढा एकच हिशेब त्यांना ठाऊक होता. त्यामुळे आषाढातल्या त्या सकाळी फोनने जे केलं, ते त्यांच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

फोन लेकीचा, साक्षीचा. ती ओसाकाला वृद्धांच्या एका संस्थेत नोकरीला होती. तिथेच घेतलेला, तिने चार वर्षं वापरलेला हा फोन दोन वर्षांपूर्वी गावी आली तेव्हा तिने वडिलांना दिला होता. काचेवर ओरखडा नाही, चार्जिंग दिवसभर पुरायचं. दर रविवारी त्यावर साक्षीचा चेहरा दिसायचा. त्या सकाळी मात्र चेहऱ्याऐवजी एक पाटी आली, की हे अ‍ॅप आता या फोनवर चालणार नाही, सिस्टिम अपडेट करा.

वाल्मीकभाऊंनी अपडेट दाबलं. फोन म्हणाला, तुमची सिस्टिम अद्ययावत आहे.

त्यांनी पुन्हा अ‍ॅप उघडलं. अपडेट करा. पुन्हा अपडेट दाबलं. अद्ययावत आहे.

"अहो, किती वेळा तेच दाबता?" पार्वताबाईंनी विचारलं. साक्षीशी बोलायला त्या हात पुसत येऊन बसल्या होत्या.

"एक म्हणतो जुना, दुसरा म्हणतो नवा. दोघं एकाच फोनमध्ये राहतात आणि एकमेकांना विचारत नाहीत," वाल्मीकभाऊ म्हणाले.

साक्षीने मग साधा फोन लावला. ती म्हणाली, "पप्पा, सहा वर्षांचा झाला तो. कंपनीने त्याच्याकडे बघणं सोडून दिलं. मी नवीन पाठवते."

"पण झिजलं काय?"

"झिजलं काही नाही, पप्पा."

"मग बंद कसा पडला?"

साक्षीने समजावलं, पण त्यांना ते कळलं नाही. बुधवारी ते जळगावला गेले आणि मोबाइलची तीन दुकानं फिरले. पहिला म्हणाला, बाहेरच्या देशातला माल, पार्ट मिळत नाहीत. पार्ट नकोच आहे म्हटल्यावर तो गोंधळला. दुसऱ्याने फोन उलटा करून पाहिला आणि बदल्यात काय देईन ते सांगितलं. तिसरा म्हणाला, "काका, याचा बूटलोडर उघडावा लागेल. आपण त्याच्यात पडत नाही." बूटलोडर म्हणजे काय, हे त्याने सांगितलं नाही. वाल्मीकभाऊंनी तो शब्द तिकिटाच्या मागे लिहून घेतला.

बोदवडला टायपिंग आणि कॉम्प्युटरचे वर्ग घेणारी हेमांगी त्यांच्याकडे सासऱ्यांचं घड्याळ न्यायला आली होती. तिला त्यांनी तिकीट दाखवलं. तिने तिथेच बाकावर बसून शोधाशोध केली आणि वर मान करून म्हणाली, "काका, तुमच्या फोनसाठी कुणीतरी नवीन सिस्टिम बनवलीय. कंपनीने नाही, कुणी एका माणसाने. फुकट ठेवलीय."

"कुठला माणूस?"

"ते नाही लिहिलेलं. जगभरचे लोक विचारतात आणि तो उत्तरं देतो. थांबा, हे बघा."

पानभर इंग्रजी होतं. पोलंडच्या एकाने काही विचारलेलं, ब्राझीलच्या एकाने आभार मानलेले. त्या सगळ्यांच्या खाली कुणीतरी मराठीत विचारलं होतं, की असं केल्यावर फोटो राहतील का? त्याला त्या माणसाने उत्तर दिलं होतं: "बठ्ठं पुसाई जाई, भाऊ. पहिले कॉपी करी ल्या."

हेमांगी हसायला लागली. वाल्मीकभाऊ मात्र सगळं पुसलं जाईल म्हणून बजावणारा तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचत राहिले. पोलंड आणि ब्राझीलच्या गर्दीत ही धुळ्याकडची अहिराणी आली कुठून?

तिने त्यांच्या वतीने दोन ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. रविवारी या, धुळे, देवपूर. सोबत फोन नंबर. नाव रुपचंद.

रविवारी वाल्मीकभाऊ पहाटेच्या गाडीने जळगावला आणि तिथून एसटीने धुळ्याला निघाले. पारोळ्यापर्यंत ते मनात या रुपचंदचं चित्र काढत होते. असेल पंचविशीतला, कानात काहीतरी घातलेला, घाईत बोलणारा. देवपूरला घराची बेल वाजवली तर दार उघडलं सत्तरीच्या एका गृहस्थांनी. अंगात बनियन, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात भिजवलेल्या शेंगदाण्यांची वाटी.

"रुपचंद आहेत का?" वाल्मीकभाऊंनी विचारलं.

"मीच. या, बठा."

"नाही, ते फोनवाले."

"फोनवालाच शे मी. चाळीस वरीस टेलिफोन एक्सचेंजमा काढात." म्हातारे हसले. "या, वाल्मीकभाऊ. शेंगदाणा खा."

आतल्या खोलीत एका टेबलावर जुना संगणक होता आणि शेजारी हुबेहूब साक्षीच्या फोनसारखा फोन. रुपचंद नानांच्या मुलाने परदेशातून आणलेला. दोन वर्षांपूर्वी त्याचीही अशीच कथा झाली होती. निवृत्तीनंतर हाताला काम नव्हतं म्हणून ते त्याच्या मागे लागले आणि लागता लागता तरबेज झाले. वाल्मीकभाऊ बोदवडचे, त्यांच्याकडची बोली निराळी, त्यामुळे नानांचं निम्मं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जात होतं. ते ओळखून नानांनी भाषा बदलली, पण मधूनच ते घसरायचे.

"हे बूटलोडर म्हणजे काय, नाना?"

"फोन चालू केला की सगळ्यात आधी तोच जागा होतो. कंपनीची सही पाहतो आणि मगच सिस्टिम आत घेतो. आपण त्याला सांगायचं, की आता बिनसहीची बी घे."

"आणि तो ऐकतो?"

"कंपनीने परवानगी ठेवली असली तर ऐकतो. नाहीतर भिंतीशी बोला." नानांनी फोन हातात घेतला. "तुमचा कोणता ते पहिले पाहू. दिसायला सारखे पण आतून दोन प्रकारचे येतात. सिमवाल्या कंपनीकडून घेतला असेल तर कुलूप निघत नाही."

एवढ्या लांब येऊन हा प्रश्न आता निघत होता. नानांनी कसलासा आकड्यांचा पडदा उघडला, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "खुला शे. तुमनी पोर हुशार शे."

मग नानांनी त्यांच्याच हातात फोन दिला. "सेटिंगमध्ये जा. तिथे बिल्ड नंबर म्हणून आहे, त्याच्यावर सात वेळा बोट मारा."

"सात?"

"सात."

त्यांनी मोजून सात वेळा मारलं. फोनने जाहीर केलं, की तुम्ही आता डेव्हलपर आहात.

"मी?" वाल्मीकभाऊ म्हणाले. एकतीस वर्षं दुकान चालवून त्यांना कुणी कसली पदवी दिली नव्हती, आणि इथे सात टिचक्यांत मिळाली. ते नानांकडे पाहत राहिले. नाना गंभीर होते, म्हणजे चेष्टा नव्हती.

त्यानंतर फोटो उतरवून घेतले. चार हजारांहून जास्त होते. साक्षीचे जपानमधले, विहारातल्या कार्यक्रमांचे आणि निम्मे तर घड्याळांच्या चक्रांचे. ते सगळे संगणकात जाईपर्यंत नानांच्या सुनेने जेवायला वाढलं. जेवताना नानांनी स्पष्ट सांगितलं, "दोन गोष्टी ऐका. फोन पूर्ण कोरा होईल. आणि नंतर बँकेचं अ‍ॅप चालायची खात्री नाही. कुलूप उघडलेल्या फोनवर त्यांचा विश्वास नसतो. चालेल?"

"चालेल," वाल्मीकभाऊ म्हणाले. खरं तर त्यांना एवढंच कळलं होतं, की काहीतरी विचारलंय आणि आता मागे फिरणं बरं दिसणार नाही.

नानांनी कंपनीच्या पानावरून एक लांबलचक आकडा आणला, काळ्या पडद्यावर टाइप केला आणि फोनवर इशारा उमटला. नानांनी मान डोलावली, वाल्मीकभाऊंनी होकाराचं बटण दाबलं. फोन विझला. परत लागला तेव्हा पडद्यावर सगळी जपानी अक्षरं होती. साक्षीने घेतला त्या दिवशी जसा असेल तसा. सहा वर्षं एका क्षणात पुसली गेली होती.

"हा तर परत ओसाकाला गेला," ते पुटपुटले.

"आता बिनकुलपाचा झाला. आता आपली सिस्टिम टाकू."

वायर लावली, नानांनी आज्ञा टाइप केली, टक्के चढू लागले. पाच, अकरा, अठरा. आणि थांबले. पडद्यावर लाल ओळ आली. नानांनी वायर काढून लावली. नऊ टक्के, लाल ओळ. वायर बदलली. बावीस टक्के, लाल ओळ. आता फोनमध्ये जुनी सिस्टिम नव्हती आणि नवी पोचत नव्हती. नाना चष्मा पुसून ती लाल ओळ पुन्हा वाचू लागले. पोलंड-ब्राझीलला उत्तरं देणारा माणूस आता स्वतःच उत्तर शोधत होता.

"काय झालं, नाना?"

"समजत नही. माझ्या फोनला असं कधी झालं नव्हतं."

वाल्मीकभाऊंनी फोन उचलला. करण्यासारखं दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून सवयीने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि खिडकीच्या उजेडात वायर जाते त्या भोकात पाहिलं. तळाशी करड्या रंगाचा थर घट्ट बसला होता. खिशातल्या कापडाचे तंतू, दुकानातली धूळ, दोन वर्षांची.

"तुमच्याकडे लाकडी काडी आहे का? लोखंडाची नको."

सुनेने दात कोरायची काडी आणून दिली. त्यांनी ती ब्लेडने आणखी बारीक केली आणि श्वास रोखून आतला मळ कडेने सुटा केला. तांदळाच्या दाण्याएवढा गोळा बाहेर आला. वायर पुन्हा घातली तेव्हा ती खट्‌ करून बसली.

"वायर अर्धीच बसत होती," ते म्हणाले. दिवसभरात ही पहिली गोष्ट त्यांना पूर्ण कळली होती.

"अरे भो!" नानांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मी सॉफ्टवेअरमा शोधी राहिनू!"

टक्के पुन्हा चढले. अठरा गेले, बावीस गेले, चाळीस, सत्तेचाळीस. आणि थांबले.

"झालं," नाना म्हणाले.

"सत्तेचाळीसलाच?"

"हां. सत्तेचाळीसला थांबला म्हणजे पूर्ण झालं."

"मग उरलेले त्रेपन्न?"

"ते तसंच दाखवतं. मलाही पहिल्यांदा घाम फुटला होता."

वाल्मीकभाऊंनी वाद घातला नाही. फोन सुरू झाला. पहिल्याच पडद्यावर पिवळ्या अक्षरांत इशारा आला, की या फोनचं कुलूप उघडलेलं आहे, यातल्या माहितीवर भरवसा ठेवू नये. मग गोल गोल फिरणारी खूण, पाच मिनिटं. मग भाषा विचारली, आणि यादीत मराठी होती. नानांनी फोटो परत फोनमध्ये भरून दिले.

संध्याकाळी त्यांना एसटीत बसवून दिल्यावर नानांनी खिडकीतून सांगितलं, "फोन चालू केला की तो इशारा दर वेळी येईल. तो खरंच बोलतो, त्याला काही करू नका."

घरी पार्वताबाईंनी विचारलं, "काय केलं त्यांनी?"

वाल्मीकभाऊंनी सांगायला सुरुवात केली. सात टिचक्या, कुलूप, जपानी, सत्तेचाळीस. मध्येच त्यांना जाणवलं की त्यांनाच एक धागा दुसऱ्याला जोडता येत नाहीये. "मळ निघाला," ते शेवटी म्हणाले.

"एवढ्यासाठी धुळ्याला गेलात?"

सोमवारी सकाळी साक्षीचा चेहरा दिसला. ती खूश झाली, मग गोंधळली. "पप्पा, चित्राचे रंग वेगळेच दिसतायत. हा माझाच फोन आहे ना?"

"आहे तोच. म्हणजे वरून तोच आहे."

बँकेचं अ‍ॅप मात्र उघडलं नाही. वाल्मीकभाऊंनी नानांना फोन केला. नाना म्हणाले, जेवताना सांगितलं होतं. तेव्हा त्यांना ते जेवण आठवलं. त्यांनी कपाटातून पासबुक काढलं आणि पूर्वीसारखे बँकेच्या रांगेत जाऊन उभे राहू लागले. तिथे दोन जुनी गिऱ्हाइकं भेटली, त्यांची घड्याळं दुरुस्तीला आली, त्यामुळे नुकसान झालं की फायदा, हेही त्यांना नक्की ठरवता येईना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ते दुकानात बसले असताना फोनवर पाटी आली: नवीन अपडेट उपलब्ध आहे. त्यांना वाटलं पुन्हा तेच सुरू झालं. हातातलं घड्याळ झाकून ठेवून त्यांनी धुळ्याला फोन लावला.

"नाना, हा परत अपडेट करा म्हणतो. कोण म्हणतंय हे?"

"मीच म्हणी राहिनू," पलीकडून आवाज आला. "काल बनवलं. माझ्या फोनवर चालवून पाहिलं. आता तुम्हाला आलं, पोलंडवाल्याला बी गेलं असेल."

"म्हणजे तुम्ही धुळ्यात बसून पाठवलं?"

"हां."

"आणि हे कंपनी नाही, तुम्ही?"

"मीच, भाऊ. चार्जिंग किती शे?"

"साठ."

"पूर्ण करा, मग दाबा. आणि भोकात मळ नही ना, पाही ल्या."

वाल्मीकभाऊंनी फोन चार्जिंगला लावला आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. "पाच मिनिटं थांबा," त्यांनी सांगितलं, "धुळ्याहून काहीतरी येतंय."