चतुराची कात

आमचा लाला सांगलीच्या कॉलेजात जाऊन किडं शिकला. आता ह्यात हसण्यासारकं काय हाय? पण गाव हसलं. इस्लामपूरच्या बाजारात बाया इचारायच्या, "चंद्राबाई, पोरगं काय शिकतंय म्हनं?" मी म्हणायची, "किडं." की लगीच पदर तोंडाला. त्यांची पोरं तरी काय मोठं दिवं लावत हुती, पण जाऊ द्या.

सुट्टीला आला की त्येचं आपलं तेच. घरात माशी बसली तरी हा वाकून बगणार. ज्येला सा पाय आन अंगाचं तीन भाग, डोकं, छाती, पोट, त्यो किडा. कोळ्याला आठ पाय, म्हणून त्यो किड्यात बसत न्हाई. इंचू बी न्हाई. गोम तर न्हाईच न्हाई. मग पंखावरनं कुळं काढायची. माशी आन डास दोन पंखाच्या कुळातलं, भुंगा टणक पंखाच्या, फुलपाखरू खवल्याच्या पंखाच्या. माजं धाकटं दीर भाऊसो म्हंजी गावाच्या सोयरिकी जुळवणारं माणूस, कुळ इचारल्याबिगर कुणाच्या घरचं पाणी प्यायचं न्हाईत. त्यांनी इचारलं, "मराठ्यांची शाण्णव. तुज्या किड्यांची किती रं कुळं?" लाला म्हणाला, "काका, आजून मोजून सरली न्हाईत." मी म्हणलं, "आन मी रं कंच्या कुळातली?" तर म्हणतो कसा, "तू गांधीलमाशी. घर राखतीस आन आल्यागेल्याला डसतीस."

मालक लवकर ग्येलं, मी एकटीनं पोर वाढवलं. डसाय लागतंय.

लग्न होऊन अंजना आली. पहिल्यांदा पाण्याला ग्येली ती घागर रिकामीच घिऊन परत, रडकुंडीला आल्याली. इहिरीच्या दगडाला चतुर मरून चिकटलाय म्हणाली. चतुर म्हंजी त्यो लांब शेपटाचा, चार पंखांचा, पाण्यावर फिरतो त्यो. सासरच्या इहिरीवर पहिल्याच दिशी मेलेलं दिसलं, तिला वाटलं अपशकुन झाला. लाला तिला परत इहिरीवर घिऊन ग्येला. मी बी मागनं ग्येले. नवं जोडपं इहिरीवर एकटं सोडतंय व्हय कुणी?

लालानं ते दगडावरनं अलगद सोडवलं आन तिच्या तळहातावर ठिवलं.

"जड लागतंय?"

"न्हाई."

"मग मेला न्हाई त्यो. ही त्येची कात. ल्हानपणी ह्यो पाण्यातच ऱ्हातो, बिनपंखाचा. डासाच्या आळ्या खातो. वाढला की दगडावर चढतो, पाठ उलती, आन पंख घिऊन ह्यातनं निघून जातो. मेला असता तर जड लागला असता."

पाठीवरची चीर त्येनं तिला दावली. अंजना हसली. मग तिला नादच लागला. अशी कात घावली की आणून देव्हाऱ्याच्या बाजूच्या कोनाड्यात ठिवायची. मी वरडायची, तरी ठिवायची.

मग लढाई लागली. लष्कराला डासांची वळख असणारी माणसं पायजे हुती, हिवतापाच्या पथकात. लाला ग्येला. गावानं परत दात काढलं. दुसऱ्यांची पोरं जर्मनाला माराय ग्येली, चंद्राबाईचं डास माराय. त्येला ब्रह्मदेशात धाडलं. बेचाळीसच्या उन्हाळ्यात तार आली, सापडत न्हाई.

सापडत न्हाई म्हंजी काय? शेरडू हाय का ते? मी तारवाल्यावरच खेकसले. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

वर्सा-दीड वर्सानं त्येची पेटी आली, जाताना पुण्याच्या डेपोत ठिवल्याली. आत दोन खाकी सदरं, इजार, पट्टा. सदऱ्याला त्येचा वास बी ऱ्हायला न्हवता. भाऊसो म्हणालं, "वैनी, वाट तरी किती बगायची? दर्भाचा पुतळा करू, ही कापडं त्येच्यावर घालू, अग्नी दिऊ. पोराचा जीव घुटमळत ठिवू नगा." आमच्यात ज्येचं मढं घावत न्हाई त्येचं असंच करत्यात. आन पुतळा जळला की अंजनाच्या बांगड्या फुटणार, कुकू जाणार, हे सांगाय लागत न्हवतं.

अंजना उंबऱ्याशी हुती. ती आली, सदरा उचलला आन तळहातावर धरला.

"मामंजी, ही कात हाय. कातीला अग्नी कोण देतंय?"

भाऊसोंनी माज्याकडं बगितलं. मी आई. मला तेच ऐकायचं हुतं. मी म्हणलं, "कापडं पेटीत ठिवा."

तिनं कुकू लावलं. हळदीकुकवाला बाया तिला वगळाय लागल्या, तवा मी एकेकीच्या दारात उभी ऱ्हाऊन असं तोंड सोडलं की पुन्यांदा कुणाची टाप झाली न्हाई. पण घरी येऊन चुलीपुढं बसले की माजाच धीर सुटायचा.

लढाई थांबली. एक दिस रहिमतपूरचा आकाराम आला. लालाच्याच पथकातला, मागनं जपान्यांच्या कैदेत पडलेला. पार चिपाड झालेला. पाण्याचा तांब्या दिला, त्येनं हातात धरला, प्याला न्हाई.

"काकू, लाला न्हाई. मागं फिरताना रानात हिवतापानं ग्येला. डास वळखाय त्येच्यासारका कुणी न्हवता, पर औषधच सरलं हुतं."

मला रडू बी ईना. अंजना दारामागनं म्होरं आली.

"भावजी, तुमी सोता उचललं त्यास्नी?"

"व्हय वैनी."

"जड लागलं?"

आकारामाला काय कळंना. त्येनं माज्याकडं बगितलं. मला कळलं हुतं. देवा, ह्यो न्हाई म्हणू दे, येवढंच मनात आलं. तापानं वाळल्यालं माणूस, न्हाई म्हणला असता तरी खोटं झालं नसतं.

"हाडंच ऱ्हायली हुती," त्यो म्हणाला. "तरी बी लय जड लागलं, वैनी. आमी दोघं हुतो म्हणून झालं."

अंजनानं मान हालवली. आत ग्येली आन पेटी ओढत भाऊसोंच्या म्होरं आणली. "मामंजी, करा पुतळा."

दुसऱ्या दिशी अंगणात पुतळा केला, सदरा-इजार घातली. किस्नाकाठी न्यायला भाऊसोंनी त्यो एका हातानं उचलला. गवताला वजन ते कसलं.

"असं न्हाई," अंजना म्हणाली. ती इहिरीकडं ग्येली, दोन्ही हातांनी पोटाशी धरून दगड घिऊन आली. सदऱ्याची बटणं सोडून आत छातीशी ठिवला आन बटणं परत लावली.

भाऊसो म्हणालं, "पोरी, दगड जळत न्हाई."

"ऱ्हाऊ द्या."

मग भाऊसो आन आकाराम, दोघांनी मिळून माजा लाला उचलला.