हाबानेरोच्या तोंडी उंदीर

हाबानेरोने पुन्हा तोंड फिरवलं. गोठवलेलं उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात ठेवून ऊब आणली होती, तरी ते चिमट्याला तसंच लोंबत राहिलं.

"उपाशी मरेल, पण उंदीर खाणार नाही," माझा नवरा आन्सेल्मो म्हणाला. "तुझ्यासारखाच व्रतस्थ."

मेरिदाच्या बाजारातून हा केशरी ठिपक्यांचा, पेन्सिलीएवढा साप आणल्यापासून त्याला फक्त पाली चालायच्या. पण डासांसाठी गल्लीत धूर मारला आणि पाली नाहीशा झाल्या. आता त्याचा कणा कातडीखालून उठून दिसत होता. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून आन्सेल्मो सकाळी अंथरुणातून उठायचा तो या सापासाठीच.

एकच पाल उरली होती, मरियामातेच्या तसबिरीमागे.

"ती देऊन टाकू," आन्सेल्मो म्हणाला.

"तिने आसरा घेतलाय. तिला मारायचं नाही."

"मातेच्या पाठीशी लपली म्हणून संतीण झाली का?"

"बरं, आज ही खाईल. पुढच्या आठवड्यात काय देशील, मला?"

"तुला गिळायला अजगर लागेल, म्हातारे." मग तसबिरीकडे बघत तो हळूच म्हणाला, "नुसती शेपटी मिळाली तर? पालीला ती पुन्हा फुटते."

मी मातेची क्षमा मागितली आणि तसबीर उचलली. धरताच पाल निसटली. शेपटी माझ्या बोटांत वळवळत राहिली.

"लवकर. वळवळ थांबली की संपलं."

त्याचा हात कापतो, म्हणून चिमटा मीच धरला. शेपटीचं जाड टोक पिल्लाच्या नाकाशी लावून दोन्ही एकत्र पकडलं. हाबानेरोची जीभ लवलवली. झडप बसली. जबडा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पुढे सरकू लागला. शेपटी आत गेली, उंदराचं नाक ओठांना लागलं, आणि तो थांबला.

तेवढ्यात दारात पाववाल्याचा भोंगा वाजला. साप ताठ झाला.

"दोन्या एल्मी, पाव नको का आज?" पाववाल्याने मला हाक मारली.

मी ओठ मिटले. आन्सेल्मोही जागचा हलला नाही.

"भांडलात वाटतं दोघं. गरम आहेत हो."

हाबानेरोचं तोंड सैलावलं. शेपटी थोडी बाहेर आली. मी मनातल्या मनात 'नमो मरिया' म्हणत होते आणि मधलेच शब्द गळत होते.

पाववाल्याची तिचाकी खडखडत पुढे गेली.

"चिमटा सोड," आन्सेल्मो कुजबुजला.

"पडेल रे."

"तू ओढतेयस असं वाटतंय त्याला. सोड."

मी सोडला. पिल्लू सापाच्या तोंडातून लोंबलं, खाली कलंडलं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग जबडा डावीकडून सरकला. उजवीकडून. उंदराचं नाक आत गेलं, मग डोकं, मग पुढचे पाय.

गळ्यातला फुगवटा हळूहळू खाली उतरला.

"पुढच्या वेळी उंदराला शेपटी नुसती वासापुरती चोळू," आन्सेल्मो म्हणाला. "त्याच्या पुढच्या वेळी तीही नको."