सोळा नंबरचा चॅनल

गायनमंडळात अकरा वर्षं मागच्या रांगेत उभं राहिल्यावर बाबांना यंदा चार ओळी एकट्याने गायला मिळाल्या होत्या. तीन महिने त्यांनी त्या घरात इतक्यांदा म्हटल्या की सासूबाई इस्त्री घेऊन गच्चीवर जायला लागल्या. गच्चीवर प्लग नसतानाही.

सभागृहाचा आवाजाचा मिक्सर सूनबाई चालवायची, त्यामुळे त्या चार ओळींचं बरंवाईट तिच्या बोटांत होतं. अडचण होती ती आत्यांची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण आणि मंडळाच्या अध्यक्ष. दर कार्यक्रमाला त्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि नको त्या बटणाला हात घालत. शेवटी सूनबाईने त्यांना सोळा नंबरचा चॅनल देऊन टाकला. त्याला काहीच जोडलेलं नव्हतं.

शिकवण्यात मात्र तिने कुचराई केली नव्हती. "हा सगळ्यात वरचा गेन. आवाज आत किती घ्यायचा ते हा ठरवतो. मधली तीन बटणं पोताची: जाड, मधला, बारीक. आणि खाली सरकतो तो फेडर, बाहेर किती सोडायचा ते."

"म्हणजे वर टाकीचा कॉक आणि खाली नळ," आत्या म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून त्या सोळा नंबर जिवापाड सांभाळत. "बासरी बोचतेय गं," म्हणून बारीकचं बटण केसभर मागे घेत आणि डोळे मिटून म्हणत, "हां, आता ऐक." सूनबाई ऐके. कधीकधी तिलाही फरक जाणवे. त्या दिवशी ती लवकर झोपे.

आज बाबांच्या ओळींना दोन मिनिटं उरलेली असताना त्यांचा सात नंबरचा माइक चरचरायला लागला. सूनबाईने सात बंद केला आणि वाकत वाकत स्टेजच्या कडेला धावली. हात लागताच तिथल्या माइकच्या वायरींच्या पेटीतलं सातचं सॉकेट पडायला आलेल्या दातासारखं हललं. बाकी सगळी भरलेली. रिकामं एकच होतं. तिने बाबांची वायर त्यात खोचली आणि मग नंबर वाचला.

सोळा.

आणि तिकडे, अख्ख्या सभागृहापलीकडे, आत्यांनी धाकट्या भावासाठी जाडचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलेलं. "बाळ्याचा आवाज अगदीच पातळ आहे, जरा खाऊपिऊ घालू दे त्याला." गेनही सढळ हाताने. सूनबाईने दोन्ही हात हलवून खुणा केल्या. आत्यांनीही प्रेमाने हात हलवला.

बाबांनी तोंड उघडलं. रिकाम्या टाकीत बसून रेडा गातोय असा आवाज आला. पहिल्या रांगेतल्या पर्सा थरथरल्या. दुसऱ्या ओळीला कोण गातंय ते बघायला बाबांनीच मागे वळून पाहिलं.

आत्या खुर्चीतून उडाल्या. मग त्यांनी चष्मा लावला. फेडर खाली. गेन मागे. जाडचं बटण मधोमध. मग फेडर हळूहळू वर, दूध उतू जाऊ नये तसा.

तिसरी ओळ बाबांच्या स्वतःच्या आवाजात आली. पातळ, पण सुरात. चौथी त्यांनी डोळे मिटून म्हटली, आणि शेवटच्या रांगेतल्या सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. टाळ्या पडल्या.

सूनबाई धापा टाकत परतली. "आत्या, कमाल केलीत!"

"कमाल कसली? आज याच्यात काहीतरी येत होतं."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"तीन वर्षांत याचा दिवा एकदा लागला नाही. मला काय आंधळी समजलीस? म्हटलं, पोरगी एवढं मन लावून शिकवतेय, कशाला तिचं मन मोडायचं."

तेवढ्यात बाबा घाम पुसत आले. "आलो का ऐकू?"

"तिसऱ्या ओळीपासून तू होतास," आत्या म्हणाल्या. "पहिल्या दोन माझ्या."

बाबांनी जरा विचार केला. "त्याही काही वाईट नव्हत्या, अक्का. पुढच्या रांगेतल्या एक बाई विचारत होत्या, ते भारदस्त आवाजाचे गृहस्थ कोण म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडचेच आहेत."