ठमाबाईच्या भातावरचे ठिपके

१९६१ सालचा भाद्रपद. पोलादपूरजवळच्या एका वाडीत ठमाबाई आपल्या खाचरात ठाण मांडून बसली होती आणि तिचा थोरला दीर महिपती चार गडी लावून तिचं उभं भात उपटत होता.

पानांवर खसखशीएवढे तांबूस ठिपके दिसले, एवढाच त्या भाताचा गुन्हा. गावात भातावर करपा रोग पडला होता. ठमाबाईचा नवरा मुंबईला गिरणीत, म्हणून तिच्या शेताचा निकाल महिपतीनं लावला.

"भावोजी, हे ठिपके दरसाली येतात नि हायत तेवढेच ऱ्हातात. भाताला कायबी होत नाय."

"तुला काय कळतंय गो? तुझा रोग माझ्या शेतात यायचा."

ती उठली नाही. तिच्याभोवतीचा कोपरा तेवढा वाचला.

आठवड्यानं शेतकी खात्याचे सयाजीराव महाडहून पाहणीला आले. महिपतीच्या भातावर राखाडी चट्टे पसरून पानं करपली होती. मग त्यांनी ठमाबाईच्या कोपऱ्यातलं पान भिंगाखाली धरलं.

"बाकीचं भात कुठंय?"

"उपटलं. रोगट होतं," महिपती म्हणाला.

"रोगट तुमचं आहे," सयाजीरावांचा आवाज चढला. "पान बारीक पेशींचं असतं, भिंतीत विटा असाव्यात तसं. बुरशी एका पेशीत शिरते. या भाताला ती लगेच ओळखू येते. मग ती पेशी आणि तिच्या शेजारच्या आपणहून मरतात, आणि बुरशी तिथंच कोंडली जाते. हा ठिपका रोग अडवल्याची खूण आहे. तुमच्या भाताला बुरशी ओळखताच येत नाही. गावातलं लढणारं भात तुम्ही उपटलंत, आणि ही बाई तेच सांगत होती."



कापणीनंतर महिपती तिच्या कोपऱ्यातल्या भाताचं बी मागायला आला. ठमाबाई दारातच उभी राहिली.

"बी देईन. पन आधी चावडीवर सांगा, ठमी खरं बोलत हुती, मी ऐकलं नाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं चार माणसांत तसं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही. ठमाबाईनं त्याच्या फडक्यात बी ओतलं.

"राग गेला नाय माझा," ती म्हणाली. "फुडल्या साली आधी इचारा."

"इचारीन," तो म्हणाला, आणि त्यानं ते पाळलं.

वाचकहो, लावणी बाईनं करायची, बी तिनं जपायचं, आणि निकालाच्या वेळी तिलाच गप्प बसवायचं, हे आपल्या किती घरांत चालतं! जिच्या हातून पीक उभं राहतं, तिला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा अधिकार घरातल्या कोणत्याही पुरुषाला नाही.