एकोणचाळीसचा रुपया

आमच्या गावात प्रत्येक घरात एक दुर्मिळ नाणं आहे. एवढी दुर्मिळ नाणी एकाच गावात असतील तर ती दुर्मिळ कशी, हा प्रश्न अजून कुणाला पडलेला नाही, कारण सगळे मोबाईलवर व्हिडिओ बघत असतात. व्हिडिओतला माणूस सांगतो, तुमच्या डब्यात अमुक नाणं असेल तर तुम्ही लखपती आहात. मग द्राक्षाची छाटणी तशीच सोडून माणसं डबे उघडतात.

मी सांगलीच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. त्यामुळं जुन्या वस्तूंचं मला कळतं अशी समजूत आहे. शनिवारी तासगावच्या पुढं आमच्या गावी उतरलो की लोक पाच रुपयांची देवीची नाणी घेऊन येतात. मी बघून सांगतो, "याची किंमत पाच रुपये." त्यानंतर ते माझ्याशी महिनाभर बोलत नाहीत.

आमच्या घरातलं नाणं मात्र मोबाईलच्या आधीपासून प्रसिद्ध होतं. १९३९ सालचा चांदीचा रुपया, एका बाजूला इंग्लंडच्या राजाचं मुंडकं. तो माझ्या थोरल्या चुलत्यांकडं, लालासाहेब तात्यांकडं असतो.

शहाऐंशी साली वाटण्या झाल्या. जमीन निम्मी-निम्मी झाली, विहिरीचे दिवस वाटून घेतले, आणि शेवटी दोन वस्तू उरल्या. आजोबांची राजदूत मोटारसायकल आणि हा रुपया. थोरला म्हणून पहिली निवड तात्यांची. ते नुकतेच मिलिटरीतून सुटून आले होते. तिथल्या एका कर्नलसाहेबांना नाण्यांचा नाद होता, आणि त्यांनी तात्यांना सांगितलं होतं की एकोणचाळीसचा रुपया फार थोड्यांकडं आहे, मिळाला तर सोडू नकोस. तात्यांनी रुपया उचलला. माझ्या वडिलांनी, म्हणजे धोंडिराम आबांनी, पंचांसमोर हसू दाबत किल्ली उचलली.

पुढची सतरा वर्षं आबा राजदूत मुद्दाम तात्यांच्या दारावरून नेत आणि दारासमोर हॉर्न वाजवत. लहानपणी मी पुढं टाकीवर बसलेलो असायचो. तात्या आणि मोठी आई, म्हणजे माझी चुलती मनुबाई, बाजाराच्या दिवशी पिशव्या घेऊन एसटीच्या फाट्यावर उभे असत. आबा गाडीचा वेग कमी करायचे, म्हणजे नीट दिसावं. मोठी आई मला हात करायची. तात्या बाभळीकडं बघायचे.

मोठ्या आईनं त्या रुपयावरून तात्यांना कधी एक शब्द ऐकवला नाही. उलट दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ती मोरीवर बसायची आणि चिंच अन् राखेनं रुपया घासायची. मी शेजारी पाटावर. तिचा उजवा अंगठा राजाच्या गालावरून गोल-गोल फिरत राहायचा. धुऊन उन्हात धरायची आणि म्हणायची, "बघ रं, आरसा झाला का?" मी हो म्हटल्याशिवाय थांबायची नाही, आणि मी मुद्दाम उशिरा हो म्हणायचो, कारण ते बघायला बरं वाटायचं. संध्याकाळी राजा कुंकू लावून लक्ष्मीशेजारी बसायचा.

राजदूत दोन हजार तीन साली भंगारात किलोवर गेली. मोठी आई जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून रुपया कुणी घासला नाही. तो काळा पडला.

यंदा आबांना मोबाईलवर एकोणचाळीसचा रुपया सापडला. ते तसेच उठून तात्यांच्या ओट्यावर गेले. मागं मी होतो.

"दादा, तुजा रुपया आलाय ह्यात. धा लाख म्हनतोय गडी. आता इक की."

"किंमत करनारा मानूस लागतो त्याला," तात्या म्हणाले.

"मग करून घे. का भ्या वाटतंय? पंचांनी राजदूतचं सात हजार धरलं हुतं. सात हजाराच्या वर एक रुपाया आला तर डेअरीवर समद्यांम्होरं म्हनतो, धोंडिराम येडा हुता."

"आन् न्हाई आला तर?"

"तर तू म्हनायचं."

तात्या एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि आबा पंचाहत्तर. वाटणीला जवळजवळ चाळीस वर्षं झाली. पण दोघांच्या चेहऱ्यावरून ती काल दुपारी झाल्यासारखी वाटत होती.

साताऱ्याला विश्वजीत म्हणून एक ओळखीचा आहे. नाण्यांचा व्यवहार करतो आणि खोटं बोलत नाही, त्यामुळं त्याचा धंदा बेताचा आहे. पुढच्या सोमवारी मी तात्यांना घेऊन एसटीत बसलो. विटा गेल्यावर त्यांनी रुमाल सोडून रुपया दाखवला. तो लखलखत होता.

"तात्या, घासलंत?"

"मग? परक्या मानसाम्होरं काळं ठेवायचं व्हय? ती असती तर तिनं घासला असता."

तात्यांनी आयुष्यात स्वतःची कपबशी विसळलेली नाही. त्यांच्या नखांत अजून राख होती. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

विश्वजीतनं आधी चुंबक लावलं. मग भिंगाखाली साल बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नऊ खरा आहे," तो म्हणाला. "अडतीसच्या आठाचा नऊ करून आणणारे पुष्कळ येतात. हा टांकसाळीतलाच आहे."

तात्या खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे कर्नलसाहेबांचं खरं हुतं."

"अगदी खरं होतं. चांगल्या स्थितीत असता तर लाखाच्या वर गेला असता. आत्ता, इथंच. गिऱ्हाईक आहे माझ्याकडं."

"असता तर," मी म्हणालो. इतिहासाच्या माणसाला हे दोन शब्द लगेच ऐकू येतात.

विश्वजीतनं रुपया छोट्या काट्यावर ठेवला. "अकरा ग्रॅम सहासष्ट पाहिजे. हा अकरा बावन्न. राजाचा कान गेलाय, मुकुटाची नक्षी गेलीय. आणि इथं गालावर बघा, खळगा पडलाय. अंगठ्याचा. हे एक-दोन दिवसांचं काम नव्हे, तीस-पस्तीस वर्षं कुणीतरी मन लावून घासलंय." त्यानं भिंग खाली ठेवलं. "काळा थर असतो ना बाबा, तोच नाण्याचा दाखला. तो दरवर्षी पुसला गेला. कुणी घासलं हे?"

"मी," तात्या म्हणाले.

"सगळी वर्षं?"

"समदी."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. त्यात एकादशी कधी आहे ते मला अजून आठवतं.

"कशाला पण?"

"चकाकाया पायजे हुतं," तात्या म्हणाले.

विश्वजीतनं अखेर वीस हजार सांगितले, तेही एखादा हौशी भेटला तर. म्हणजे आबांच्या अटीप्रमाणं तात्या तेरा हजारांनी जिंकले होते. मी स्टँडवर दोन चहा सांगितले आणि त्यांचं अभिनंदन केलं. तात्यांनी चहा बशीत ओतला, पण प्याले नाहीत.

"धोंडिरामाला वीस सांगायचं न्हाई. चांदीच्या भावानं जाईल म्हनायचं."

"पण तुम्ही जिंकलाय. तुमची निवड बरोबर होती. एवढी वर्षं सगळे हसले..."

"वीस म्हटलं की त्यो इचारनार, धा लाखाचं वीस हजार कसं झालं. मग घासल्याचं निघनार." त्यांनी बशी खाली ठेवली. "मी घासलं म्हनून हितं चालतंय. गावात कोन मानंल? मला मोरीवर बसल्यालं कुनी बघितलंय का? डेअरीवर म्हनतील, लाखाचा रुपाया मनूनं मोरीत घालवला."

मी बशी परत त्यांच्याकडं सरकवली.

"फाट्यावर उभी ऱ्हायली सतरा वर्सं," तात्या म्हणाले. "कवा म्हनली न्हाई, गाडी का घेतली न्हाई म्हनून."

संध्याकाळी दुधाच्या वेळेला ते स्वतः डेअरीवर गेले. रांगेत पंधरा-वीस माणसं होती. आबा आधीच येऊन बसले होते.

"चांदीच्या भावानं जाईल म्हनला," तात्या मोठ्यानं म्हणाले. "लालासाहेब येडा हुता."

लोक हसले. आबांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि तोंडानं राजदूतचा हॉर्न वाजवून दाखवला. तात्याही हसले. मी भरलेल्या कॅनांची झाकणं मोजत उभा राहिलो. आबा छापलेलं काही वाचत नाहीत, असं ते अभिमानानं सांगतात, म्हणून हे लिहिता तरी येतंय.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी सांगलीत होतो. तात्यांचा फोन आला.

"तू बसायचास शेजारी, तुला ठावं आसंल. चिंच नवी घ्यायची का जुनी?"

वस्तूंचं जतन यावर मी दरवर्षी पन्नास मिनिटांचं व्याख्यान देतो. मुलं ते वहीत उतरून घेतात.

"जुनी," मी म्हणालो. "आधी भिजत घाला."