मामांची मिशी

जगातल्या सगळ्या औषधांहून मोठं औषध म्हणजे माहिती, असं आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. त्या दिवशी दवाखान्यात गोळ्या संपल्या होत्या, त्यामुळे जमलेल्या सगळ्यांना ते मोठं औषधच देण्यात आलं.

रांगेत काजूताई उभी होती. काजूंशी तिचा संबंध दुकानाच्या काचेपुरताच. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती काजं करायची, म्हणून काजूताई. तिची एच.आय.व्ही.ची गोळी रोज सकाळी नऊला, म्हणजे नेमकी मशीनवर बसायच्या वेळेला. कारखान्यात कुणाला कळू नये, एवढाच तिचा घोर होता. आणि खात्यानं नवं अ‍ॅप काढलं होतं ते त्याचसाठी. अ‍ॅप गोळीची आठवण करून देणार, शंकांना उत्तरं देणार, पण रोगाचं नाव म्हणून काढणार नाही. त्याऐवजी प्रत्येकानं आपल्या मनासारखा एक परवलीचा शब्द निवडायचा.

रांग लांब होती आणि कारकुनाची जेवणाची सुट्टी जवळ आली होती. रांगेतल्या पहिल्या माणसानं गोंधळून 'मामा' म्हटलं. कारकुनानं उरलेल्या साडेचारशे जणांनाही मामाच चिकटवले, वर झुबकेदार मिशीच्या म्हाताऱ्याचं चित्र.

"मी गुलाब सांगितलं होतं," काजूताई म्हणाली.

"गुलाब काय नि मामा काय, बाई. गुपित ते गुपित."

पण साडेचारशे माणसांचं एकच गुपित असलं की त्याला गावगप्पा म्हणतात. चार महिन्यांत बाजारात ऐकू येऊ लागलं, "त्याला मामा भेटलेत म्हणे." सोयरीक जुळवताना लोक मुलाच्या फोनमध्ये मामा शोधू लागले. खऱ्याखुऱ्या मामांनी भाच्यांना फोन करायचं सोडलं. साहेबांनी अख्ख्या गावाला मामा बनवलं, ते असं.

काजूताई फोनचा आवाज बंद करून तो डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवू लागली. पण खात्याला न वाचता येणाऱ्यांचीही काळजी होती. एका सकाळी पहिल्या तुकडीतल्या लोकांच्या अ‍ॅपला वाचा फुटली, आणि ती बंद आवाजालाही जुमानेना. नऊच्या ठोक्याला पिशवीतून, डब्याच्या पत्र्यात घुमत, हाक आली:

"भाचीबाई! मामांना भेटलात का?"

बावीस मशिनी थांबल्या. वीज गेल्यावरही त्या इतक्या एकदम थांबत नसत.

"भेटला असाल तर 'हो' म्हणा!"

"म्हण की गं हो," कॉलरवाली म्हणाली. "म्हातारा खोळंबलाय."

"खरेच मामा आहेत माझे!" काजूताईनं पिशवी उपडी केली.

"माहीत आहे गं. साडेचारशे भाचरं आहेत त्यांना."

दुपारपर्यंत पाण्याच्या पिंपावरचा तिचा प्याला खिडकीत जाऊन बसला. सहा वर्षं तिच्या डब्यातली भाजी खाणारी बटणवाली नळावर चुळा भरायला गेली. सहा वर्षांच्या मानानं चुळा काही फार झाल्या नाहीत.

चार वाजता मास्तरांनी बोलावलं. कापड बेतणारे मास्तर म्हणजे कारखान्याचे कर्तेधर्ते. माणूस भलता वक्तशीर. रोज नऊला पाच कमी असताना कात्री ठेवून मोरीकडे जायचे, नऊ वाजून पाचला परत. बायका त्यावर घड्याळं लावायच्या.

"बाई, उद्यापासून येऊ नका."

एरवी "काजू, मेलीस का गं तिकडं?" असं ओरडणारा माणूस अहोजाहो करायला लागला, तेव्हाच तिनं ओळखलं की आपलं संपलं.

"आता नाही बोलणार ते, मास्तर. त्या कारकुनाला फोन करून विचारलं मी. मामांची मिशी दाबून धरली की गप्प बसतात."

"प्रश्न तो नाही. शाळेची पोरं हे कपडे घालणार."

"काजांतून पसरतं का कधी? पगार आहे तोवर वहिनी मला जेवायला हाक मारताना 'वन्सं' म्हणते. उद्या काय म्हणेल? हाक तरी मारेल का? अहो, एका प्याल्यातलं पाणी प्यायलं तरी पसरत नाही, अ‍ॅपमध्ये लिहिलंय सगळं. थांबा, दाखवते..."

"तिसऱ्या पानावर आहे ते," मास्तर म्हणाले. "खालून दुसरी ओळ."

आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

काजूताई बघत राहिली. नऊला पाच कमी, नऊ वाजून पाच. सहा वर्षांची घड्याळं तिच्या डोक्यात एकदम जुळली.

"तुम्हीसुद्धा, मास्तर?"

"कात्री कारखान्याची आहे," मास्तर म्हणाले. "ठेवून जा."

तिनं कात्री ठेवली. बाहेर उरलेल्या एकवीस मुंड्या मशिनींवर वाकलेल्या होत्या. तिनं बोलायला तोंड उघडलं. पण काढून टाकलेल्या बाईचं ऐकणार कोण? बुडणारी दुसऱ्याचे पाय ओढते, एवढंच म्हटलं असतं सगळ्यांनी. तिनं तोंड मिटलं आणि डबा घेऊन निघाली.

ती फाटकापर्यंत पोचली, तर मागून मास्तर धावत आले. गळ्यात टेप, हातात फोन. फोनवर खात्याचा निरोप: 'वाचेची सोय उद्यापासून दुसऱ्या तुकडीलाही.' चित्रातले मामा हसत होते.

"काजूताई," मास्तर म्हणाले. हे 'ताई' सहा वर्षांत पहिलंच. "तुमचं झालं ते झालं, आता त्याला इलाज नाही. पण उद्या बरोबर नऊला शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई मापं तपासायला येतायत, मोरीत जायचीही सोय नाही." त्यांनी मागं वळून पाहिलं आणि फोन तिच्यापुढं धरला. "ती मिशी... डावीकडची दाबायची का उजवीकडची, तेवढं सांगून जा की."