दिवसा वाचलेली गोष्ट

ब्राह्मणपुरीच्या शाळेत मोतीलाल गुरुजींनी मुलांसाठी अद्भुत कादंबरी मागवली, त्यात मुलांचे हित होतेच. पण ते दुसऱ्या नंबरला होते. पहिल्या नंबरला शहाद्याची शिक्षक-सभा होती. मागच्या सभेत प्रकाशा गावच्या मास्तरांनी शाळेच्या बागेतील खतावर निबंध वाचला होता आणि शाळा तपासणाऱ्या साहेबांनी तो मान डोलावून ऐकला होता. तेव्हापासून गुरुजींना झोप नीट लागत नव्हती. त्यांनी विषय ठरवला, ‘अद्भुत कथांचे बालमनावरील सुपरिणाम’. कल्पनाशक्ती, शब्दसंपत्ती, धैर्य आणि सदाचार असे चार सुपरिणाम लिहूनही झाले. ते मुलांवर व्हायचे तेवढे बाकी होते.

पुस्तक पुण्याहून टपालाने आले. नाव ‘विहिरीखालचे राज्य’. मुखपृष्ठावर पंखांचा घोडा होता. चित्रकाराने पंख बरे काढले होते. घोडा मात्र त्याने जवळून पाहिलेला दिसत नव्हता. आत एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण पडक्या विहिरीतून पाताळात उतरतात, भाऊ तिथल्या धुक्याच्या रानात हरवतो आणि बहीण त्याला शोधत निघते. गुरुजींनी एका बैठकीत ते वाचून काढले आणि ‘धैर्य’ या शब्दाखाली रेघ मारली.

मंगळवारी दुपारी, मुले भाकरी खाऊन बसल्यावर, त्यांनी पुस्तक उघडले. पहिली ओळ संपायच्या आत धुडकू उभा राहिला.

“गुरुजी, दिनमां गोट नका सांगा.”

“का?”

“मामा वाट चुकस.”

“कोणाचा मामा?”

“जो आयकस त्याना.”

वर्गात याबद्दल दुमत नव्हते. गोष्ट दिवे लागल्यावरची. उन्हात सांगितली तर ऐकणाऱ्याचा मामा जिथे असेल तिथे रस्ता विसरतो, हे गावात पाढ्यांच्या आधी शिकवले जाई. गुरुजींनी पृथ्वी गोल असल्यापासून सुरुवात केली. मग म्हणाले, मुंबईत दिवसाढवळ्या नाटके होतात, हजारो लोक पाहतात, आणि तिथले मामा संध्याकाळी बिनचूक घरी पोचतात. मुलांनी ते ऐकून घेतले. मग आपापसात ज्याच्या त्याच्या मामाची चौकशी सुरू झाली.

“मन्हा मामा घरमांच शे. पाय मोडेल शे त्याना.”

“मंग तू आयक बिनघोर.”

“मन्हा मामा धुळ्याना जेलमां शे.”

“तो वाट चुकना ते बरंच.”

अशी वर्गाची फाळणी झाली. ज्यांचे मामा घरात, खाटेवर किंवा तुरुंगात होते ते पुढे सरकले. ज्यांचे मामा वाटेवर होते त्यांनी कानात बोटे घातली. गुरुजींनी हा प्रकार निबंधासाठी टिपून घेतला आणि वाचायला लागले.

दगूने कानात बोटे घातली होती. तिचा मामा सुपडू सोमवारीच मिरच्यांची गाडी घेऊन अक्कलकुव्याच्या बाजाराला गेला होता. दगूला बाप नव्हता. आई भिकुबाई तिला कडेवर घेऊन भावाकडे परत आली, तेव्हापासून सुपडूच त्या घराचा कर्ता होता. त्याची बायको बाळंतपणात गेलेली. दुसरी केली नाही. दगूला शाळेत घातले तेही त्यानेच. पोरगी शिकून काय करणार, असे कोणी विचारले तर तो म्हणे, “मन्हा बैलेसले पुस्तक वाची दाखाडी.”

शाळा सुटल्यावर दगू मागे थांबली आणि पुस्तक घरी न्यायला मागू लागली. गुरुजी हरखले. पहिला सुपरिणाम त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता, नाक पुसत. त्यांनी पुस्तकाला जुन्या वर्तमानपत्राचे वेष्टन घालून दिले.

सुपडू परतायला हवा होता त्या दिवशी परतला नाही. त्यानंतरही नाही. बैल आले. तळोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी राहणारा गोवाल नावाचा भिल्ल ते घेऊन आला. बैल ज्याच्याकडून घेतले होते त्या शहाद्याच्या व्यापाऱ्याची खूण त्यांच्या अंगावर होती, तिच्यावरून विचारत विचारत तो इथवर पोचला होता. गाडी नाल्याच्या काठी उभी होती, म्हणाला. मिरच्या जागच्या जागी. माणूस नाही. थोडे पुढे झुडपात पागोटे सापडले, तेही त्याने आणले होते. ते फाटलेले होते आणि वाळून कडक झाले होते.

“कोण होतं?” पाटलाने विचारले.

गोवालाने वाघाचे नाव घेतले नाही. त्याच्याकडे ते नाव घेत नाहीत. त्याने जमिनीवर पंजाची रुंदी हाताने दाखवली आणि बैलांना पाजायला पाणी मागितले.

गावातून माणसे गेली. रानात हिंडून रिकामी परत आली. एक जमादारही जाऊन आला. त्याने गाडीभोवती फेरी घातली आणि गाडीवान कुठे आहे असे विचारले. गावाचाही तोच प्रश्न होता.

मग भिकुबाई शाळेत आली. पदर कपाळापर्यंत ओढून दाराशी उभी राहिली. आत यायला तयार नव्हती.

“गुरुजी, पोरले समजाडा. तुमनं आयकी ती.”

“काय झालं?”

“मडं त काय सापडनं नही. दर्भाना पुतळा करीसन गोमाई नदीना काठवर अग्नी देवाना ठरना शे. भटजी चार दिनमां येवाव शे. आनि हाई पोर म्हणस, मामा मरना नही, वाट चुकना. पहाटपासून फाट्यावर बठेल शे. तोंडमां घास नही. पुतळा जाळशात ते मी बी त्यामां उडी घालसू, म्हणस.”

तिने हे सगळे एका सुरात सांगितले. भावासाठी रडायला तिला अजून सवड मिळाली नव्हती.

फाट्यावर शहाद्याची वाट आणि तळोद्याची वाट वेगळ्या होत. दगू मैलाच्या दगडाला टेकून बसली होती. मांडीवर पुस्तक होते. कोणी गाडीवाला जवळून गेला की ती उठे, गाडीत डोकावे आणि परत बसे. गुरुजी धोतर आवरून तिच्या शेजारी धुळीत बसले. समजावायला काय लागते ते त्यांच्याकडे होते. ट्रेनिंग कॉलेजात त्याचे स्वतंत्र पुस्तक होते.

“दगू, दिवसा गोष्ट वाचल्याने कोणी वाट चुकत नाही.”

“चुकस.”

“तू कानात बोटं घातली होतीस ना?”

तिने स्वतःची बोटे पाहिली. मग म्हणाली, “मन्हा बोटं ढिल्ला व्हतात.”

“बरं.”

“आयकाले गोड लागी ऱ्हायंथं.” तिने वेष्टनाची कड नखाने उचकटली. “घर लयी गऊ ते रातले दिवाले तेल नव्हतं. मंग दिनमांच वाचं. खळामां लपीसन. तो भाऊ धुक्यामां चुकना नं, तठे मी भ्यायनू. मंग म्हंतं, बेगी बेगी सेवटलोंग वाची टाकसू. सेवटले भाऊ सापडस. म्हंजे मामा बी सापडी.”

“आणि?”

“सापडना नही.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. सुपरिणामांत हा नव्हता. त्यांनी नेटाने पुन्हा सुरुवात केली. म्हणाले, बाळ, पुस्तक म्हणजे कागद. त्यावर शाई. पुण्याला कोणी एक गृहस्थ टेबलाशी बसून हे लिहितो. त्याला तुझा मामा माहीत नाही, अक्कलकुवा माहीत नाही. त्याच्या लिहिण्याने किंवा तुझ्या वाचण्याने नाल्याकाठी काहीएक घडत नाही. तुझा यात काडीचा दोष नाही.

दगू लक्ष देऊन ऐकत होती. वर्गात ती इतकी कधी ऐकत नसे.

“मंग पुस्तकघाई मामा चुकना नही?”

“नाही.”

“मंग कसाघाई नही उना?”

पुस्तकाने सुपडू वाट चुकला नसेल तर दुसरे जे काय झाले असेल ते सगळ्या गावाला माहीत होते, आणि कडक झालेल्या पागोट्यासकट भिकुबाईच्या घरात आढ्याला बांधून ठेवलेले होते. ही पोर ते जाणत नव्हती असे नाही. तिने नीट तोलून पाहिले होते. एकीकडे मामा चुकलेला आणि दोष तिच्या माथी. दुसरीकडे दोष नाही आणि मामाही नाही. तिने दोष घेतला होता, आणि तो घेऊन ती उपाशी बसली होती. ट्रेनिंग कॉलेजच्या पुस्तकात यावर प्रकरण नव्हते.

तळोद्याकडून एक गाडी आली. दगू उठली, डोकावली, परत येऊन बसली. गाडीत कडबा होता.

“दगू,” गुरुजी म्हणाले, “तुझा मामा कधी निघाला?”

“सोमवारले.”

“मी वर्गात कधी वाचलं?”

“मंगळवारले.”

“तू खळ्यात?”

“बुधवारले.”

“म्हणजे बघ. मंगळवारी मी भर दुपारी मोठ्याने वाचलं. धुडकूने सांगितलं तरी ऐकलं नाही. मामा त्याच वेळी चुकला. चुकलेला माणूस बुधवारी पुन्हा काय चुकणार?”

ती हिशोब मनात तपासत होती. गुरुजींनी तिला वजाबाकी शिकवली होती, त्यामुळे तिला चूक सापडेना.

“पण मन्हा बोटं...”

“आवाज कोणाचा होता?”

“तुमना.”

“मग?”

दगूने त्यांच्याकडे पाहिले. गिळलेल्या घासासारखा तो हिशोब हळूहळू खाली उतरताना दिसला. तिचे खांदे सैल झाले. मग चेहरा पालटला. आपल्या मामाला रानात सोडून देणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे ती पाहू लागली, आणि त्यात मास्तर म्हणून काही सूट नव्हती. ती उठली, पुस्तक छातीशी धरले आणि घराकडे चालू लागली. गुरुजी मागून आले. घरी जाऊन तिने आईकडे भाकरी मागितली.

खाऊन झाल्यावर तिने शेजारच्या ओट्यावर जाऊन सगळे सांगितले. संध्याकाळपर्यंत ते गावभर झाले. मोठ्या माणसांना वाघाचे ठाऊक होते; तरी मास्तरने दिवसा गोष्ट वाचली, हे खरे नव्हते असे कोणालाच म्हणता येत नव्हते. दोन्ही खरे असायला गावाची हरकत नव्हती. काही घरांनी मुले शाळेत धाडणे थांबवले, विशेषतः ज्यांचे मामा गाडीवान होते त्यांनी.

भिकुबाई विहिरीवर भेटली तेव्हा घागर तशीच ठेवून म्हणाली, “समजाडाले धाडं तुमले. तुमीन पोरले आखो चुकाडी उनात.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण जेवनी ती.” आणि घागर उचलून गेली. ती तेवढ्यावर समाधानी होती की नाही, हे गुरुजींना समजले नाही.

पुतळ्याला अग्नी द्यायचा त्या दिवशी तिने निरोप पाठवला, पोरीला शाळेत अडकवून ठेवा. वर्ग निम्मा रिकामा होता. दगू आली, पहिल्या ओळीत बसली आणि पुस्तक गुरुजींच्या समोर ठेवले. फाट्यावरच्या दिवसापासून तिने त्यांना गुरुजी म्हणणे बंद केले होते.

“वाचा.”

“आता? दिवसा?”

“मन्हा मामा त चुकेलच शे. आते काय व्हई?”

बाकीच्यांना त्यांनी सुट्टी दिली. ती मुले गडबड न करता गेली, मामांच्या काळजीने. गुरुजी वाचू लागले. नदी शाळेच्या पाठीमागे होती. खिडकीतून काठावरची माणसे दिसत होती, वाकलेली, उभी राहिलेली. दगूची पाठ खिडकीकडे होती. तिने ती तशीच ठेवली. मध्येच जळक्या तुपाचा वास आत आला. गुरुजींचा आवाज अडखळला, तेव्हा ती म्हणाली, “वाचा नं.”

धुके आले, रान आले, बहीण शोधत निघाली. शेवटच्या पानावर भाऊ सापडला आणि सगळे शिरा खायला बसले. गुरुजींनी पुस्तक मिटले.

“पुढे?”

“संपलं.”

“हाई त्यासनं संपनं. मामानं सांगा.”

“त्याचं यात नाही.”

“तुमीन चुकाडा नं त्याले. मंग तो कोठे शे ते तुमलेच ठाऊक.”

मोतीलाल गुरुजींनी जन्मात एक गोष्ट रचली नव्हती. गोष्टींचे फायदे तेवढे त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी खिडकीकडे पाहिले नाही. घसा खाकरून म्हणाले, “नाल्याच्या वर एक वाट आहे. गाडीची नाही, पायवाट. तुझा मामा त्या वाटेला लागला.”

“बैल सोडीसन?”

“बैलांना घर ठाऊक होतं. म्हणून.”

हे तिला पटले. “मंग?”

“वर धुकं होतं. मग डोंगर उतरून पलीकडे गेला. तिथे एक गाव आहे.”

“कोणतं?”

“त्याचं नाव अजून त्यालाही समजलेलं नाही.”

नदीवरची माणसे आंघोळ करून ओल्या अंगाने परत निघाली होती. दगू गुडघ्यावर हनुवटी टेकून विचार करत होती. तिला आणखी एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला तिला भीती वाटत होती, हे गुरुजींना दिसले.

“तठे भाकर भेटस का?”

“मिळते.”

“कशानी?”

सुपडूला कशाची भाकरी आवडत असे, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. आता विचारायची सोय नव्हती.

“दादर ज्वारीची,” ते म्हणाले.

दगूने मान हलवली, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, पुढचे ऐकायला.